वाळवंटातील तीन आरव्ही आणि पाण्याचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार कुटुंबे, एकूण १४ माणसे. त्यांत चार मुले आणि पुण्याहून मुलाकडे आलेले सत्तरीचे आई-वडील. अमेरिकेतील लास व्हेगासला तीन आरव्ही, म्हणजे आत झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या मोठ्या गाड्या, भाड्याने घ्यायच्या आणि सात दिवसांत झायन व ब्राइस ही राष्ट्रीय उद्याने, लेक पॉवेल हे तळे, मॉन्युमेंट व्हॅली आणि ग्रँड कॅनियनचा दक्षिण काठ पाहून परत यायचे. जुलैत जावे की ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आणि आखलेला मार्ग आरव्हीला झेपेल का, असे विचारले आहे.

मी फिनिक्सला राहतो. गेल्या पंधरा वर्षांत या भागात कधी फक्त घरच्यांबरोबर, तर कधी पाच गाड्यांचा ताफा घेऊन अनेकदा गेलो आहे, आणि बिघडलेल्या सहली आठवल्या तर त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा पाणीच सापडते. कुणाच्या टाकीतले पाणी दुसऱ्याच दिवशी संपले, कुणाला वापरलेले पाणी ओतायला जागा मिळाली नाही, तर कुणी कोरड्या दिसणाऱ्या ओढ्याच्या काठी गाडी लावली. त्यामुळे नकाशावरचे मैल मोजण्याआधी पाण्याचा विचार करावा, असा माझा आग्रह असतो, आणि खालील उत्तरही त्याच अंगाने दिले आहे.

जुलैचा विचार सोडून द्यावा. लेक पॉवेलकाठच्या पेज गावात त्या महिन्यात पारा ३८ अंश सेल्सियसच्या वर जाणे नेहमीचेच असते आणि पत्र्याच्या घरात दुपारी एसीशिवाय बसता येत नाही. एसी चालवायचा तर कॅम्पग्राउंडची, म्हणजे मुक्कामाच्या तळाची, वीज हवी किंवा जनरेटर, आणि जनरेटर रात्री बंद ठेवावा लागतो. उष्णतेपेक्षाही मला काळजी वाटते ती पावसाची. जुलै ते सप्टेंबर या काळात इथेही पावसाळा असतो आणि त्याला इथले लोक मॉन्सूनच म्हणतात, परंतु आपल्याकडचा दिवसभर लागलेला पाऊस मनात धरून त्याचा अंदाज बांधू नये. इथे दुपारनंतर एखाद्या पठारावर तासभर ढग फुटल्यासारखा पाऊस पडतो, खडक पाणी पिऊन घेत नाही, आणि ते सगळे पाणी अरुंद घळीतून कित्येक मैल खाली धावत येते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी पेजजवळच्या लोअर अँटिलोप कॅनियन या अरुंद घळीत अशाच लोंढ्यात ११ पर्यटक मृत्युमुखी पडले. पाऊस पडला होता तो वरच्या बाजूला, मैलोगणती दूर. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात हा धोका बराच ओसरलेला असतो, दिवस उबदार असतात आणि तळ्याचे पाणी पोहण्याजोगे असते. शाळा चार-पाच दिवस बुडेल, पण ती बुडू द्यावी.

तीन आरव्ही घेण्याची कल्पना चांगली आहे, मात्र त्या प्रत्येकी २५ फुटांच्या आसपासच्या असाव्यात, आणि त्यांच्या जोडीला एक सात आसनी मिनीव्हॅन अवश्य घ्यावी. ३१ फुटांच्या दोन गाड्या स्वस्त पडतात खऱ्या, परंतु कंपनी जेव्हा 'सात जण झोपू शकतात' असे लिहिते तेव्हा त्यांत जेवणाचे टेबल पाडून केलेला बिछानाही धरलेला असतो, आणि सत्तरीच्या माणसाला ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या माळ्यावर शिडीने चढवणे शक्य नसते. शिवाय लांब गाडीला अनेक जुन्या कॅम्पग्राउंडमध्ये जागा मिळत नाही. ग्रँड कॅनियनच्या मॅदर कॅम्पग्राउंडची मर्यादा ३० फूट आहे. मिनीव्हॅनचा खर्च पाहून गटातले कुणीतरी नक्की नाक मुरडेल. पण एकदा हुकअप, म्हणजे वीज-पाण्याच्या जोडण्या, लावून, गाडी समपातळीत आणून, बाजूची खोली बाहेर सरकवून संसार मांडला की केवळ दूध आणायला तो आवरून निघणे किती जिवावर येते, हे त्यालाही दुसऱ्या दिवशी कळते. रात्री कुणाची तब्येत बिघडली तर व्हॅन किती कामाची आहे हे वेगळे सांगायला नको.

आता मार्गाविषयी. आपण झायनच्या पूर्व दरवाजाने बाहेर पडून ब्राइसला जायचे ठरवले आहे, आणि नेमके तेच आरव्हीला जमणारे नाही. त्या रस्त्यावर १९३० साली पुरा झालेला १.१ मैल लांबीचा झायन-माउंट कार्मेल बोगदा आहे. तो त्या काळच्या मोटारींच्या मापाने खोदलेला आहे, त्यामुळे ११ फूट ४ इंचांहून उंच किंवा ७ फूट १० इंचांहून रुंद गाडी त्यात आपल्या मार्गिकेत मावत नाही. पूर्वी अशा गाडीसाठी शुल्क घेऊन समोरची वाहतूक थांबवली जाई आणि ती बोगद्याच्या मधोमध सोडली जाई. जून २०२६ पासून मात्र या मापापलीकडच्या गाड्यांना त्या रस्त्यावर मनाई जाहीर झाली आहे, आणि भाड्याच्या जवळजवळ प्रत्येक आरव्हीची उंची व रुंदी या मापांहून अधिकच असते. म्हणून झायनहून आल्या वाटेने हरिकेन गावी परत यावे आणि ५९ क्रमांकाच्या रस्त्याने फ्रेडोनियामार्गे कॅनाबला जाऊन तिथून ८९ ने उत्तरेला ब्राइस गाठावे. हा फेरा सुमारे १६५ मैलांचा होतो. बोगद्याची आणि त्यापलीकडच्या चेकरबोर्ड मेसा या डोंगराची हौस ज्यांना असेल त्यांनी मिनीव्हॅनने तिकडून यावे आणि कॅनाबला भेटावे.

सात दिवस अपुरे आहेत. नऊ रात्री मिळत असतील तर मी पुढीलप्रमाणे वाटप करीन. आरव्ही ताब्यात मिळेपर्यंत दुपार होते, तासभर यंत्रणा समजून घेण्यात जातो आणि नंतर किराणा भरायचा असतो. म्हणून पहिली रात्र तासाभराच्या अंतरावरील व्हॅली ऑफ फायर या राज्य उद्यानात काढावी. काही विसरले असेल तर तिथून परत जाणे सोपे असते. त्यानंतर झायनला दोन रात्री, ब्राइसला एक, पेजला तीन आणि ग्रँड कॅनियनला दोन. एकूण प्रवास ९०० ते १,००० मैलांचा होईल. मॉन्युमेंट व्हॅली या वेळी वगळावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती पेजपासून सुमारे १२५ मैल दूर आहे, तिथल्या १७ मैलांच्या कच्च्या फेरीवर आरव्ही नेता येत नाही, आणि उघड्या जीपमधून धूळ खात जाणे मुलांना आवडले तरी आजी-आजोबांना सोसेलच असे नाही. ग्रँड कॅनियनच्या उत्तर काठाचाही विचार करू नये. तिथले जुने लॉज जुलै २०२५ मधील वणव्यात जळून गेले.

ज्या गोष्टीकडे नवखे लोक सर्वांत कमी लक्ष देतात, ती म्हणजे टाक्या. २५ फुटी आरव्हीत स्वच्छ पाण्याची टाकी साधारण ३० ते ४० गॅलनची, म्हणजे सव्वाशे-दीडशे लिटरची असते. पाच माणसांत ते पाणी हात आखडून वापरले तर दोन दिवस पुरते. मात्र ते संपण्याआधीच बहुधा सांडपाण्याची ग्रे टाकी भरते, कारण ती बऱ्याचदा स्वच्छ पाण्याच्या टाकीपेक्षा लहान असते आणि आपल्या स्वयंपाकात भांडी फार निघतात. ती भरल्याची पहिली खूण म्हणजे न्हाणीच्या जाळीतून वर येणारे पाणी, आणि त्यावर तरंगणारी कालच्या फोडणीतली मोहरी. हे दृश्य मी पहाटे साडेपाचला, अनवाणी उभा राहून पाहिले आहे. तेव्हापासून आमचा नियम असा आहे की ताट-वाटी आधी कागदाने पुसून घ्यायची, सिंकमध्ये बारीक गाळणी ठेवायची, चहाचा चोथा आणि भाताची शिते कचऱ्याच्या पिशवीतच टाकायची, आणि तळणाचे तेल कोणत्याही परिस्थितीत सिंकमध्ये ओतायचे नाही. आंघोळ शक्य असेल तिथे कॅम्पग्राउंडच्या स्नानगृहात करावी. झायनच्या वॉचमन कॅम्पग्राउंडमध्ये शॉवर नाहीत, हे मात्र आधीच सर्वांना सांगून ठेवावे.

टाक्या रिकाम्या करण्याचे काम प्रत्येक गाडीत एकाने नव्हे, दोघांनी शिकावे. क्रम ठरलेला आहे: आधी शौचालयाची ब्लॅक टाकी आणि मागाहून ग्रे, म्हणजे तुलनेने स्वच्छ सांडपाण्याने नळी धुऊन निघते. हुकअपवर उभे असताना ब्लॅक टाकीचा व्हॉल्व्ह सतत उघडा ठेवण्याचा मोह होतो, तो टाळावा. पाणी निघून जाते, घन भाग तळाशी साचतो, आणि मग तो कशानेच निघत नाही. टाकी दोन-तृतीयांश भरल्यावर एकदम उघडावी. पिण्याचे पाणी टाकीतले न वापरता स्वतंत्र न्यावे, आणि माणशी रोज चार लिटर या हिशेबाने १४ जणांसाठी दिवसाला ५६ लिटर धरावे. आकडा मोठा वाटतो, पण त्या हवेत घाम अंगावर दिसण्याआधीच उडून जातो, आणि ज्येष्ठांना तहान लागल्याचे उशिरा कळते.

ब्राइसला आणखी एक गंमत होते. उद्यानाचा काठ ८,००० ते ९,००० फुटांवर आहे. ऑक्टोबरात दिवसा स्वेटर पुरतो, परंतु रात्री पारा शून्याखाली जातो आणि नळाला जोडलेली पाण्याची नळी सकाळी लाकडासारखी ताठ मिळते. त्यामुळे झोपण्यापूर्वी टाकी भरून घ्यावी, नळी सोडवून तिच्यातले पाणी काढून टाकावे आणि रात्री पंपावर काम चालवावे. त्या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून पातेल्यातला भात नेहमीइतकाच वेळ ठेवला तर टचटचीत राहतो आणि डाळ तर शिजता शिजत नाही. घरचा प्रेशर कुकर मात्र चोख काम करतो. तो गाडीच्या आत लावू नये, बाहेरच्या टेबलावर कॅम्प स्टोव्हवर लावावा, कारण आतल्या वाफेने आणि फोडणीच्या धुराने धोक्याची घंटी वाजते आणि सगळा कॅम्प जागा होतो. तिन्ही गाड्यांत स्वतंत्र स्वयंपाक करण्यापेक्षा एक गाडी स्वयंपाकाची, एक शिध्याची आणि तिसरी ज्येष्ठांच्या विश्रांतीची असे ठरवल्यास पाणी, गॅस आणि भांडणे, तिन्ही वाचतात.

पेजला तीन रात्री का, असे विचारले जाईल. हे गाव १९५७ साली ग्लेन कॅनियन धरणाच्या कामगारांसाठी वसवलेली वसाहत आहे. ७१० फूट उंचीच्या या धरणात १९६३ मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली आणि लेक पॉवेल पहिल्यांदा पूर्ण भरायला १९८० साल उजाडले. एक हात गमावलेल्या ज्या जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८६९ मध्ये होड्यांतून कोलोरॅडो नदीचा प्रवास केला, त्यांचे नाव त्या नदीला अडवणाऱ्या तळ्याला दिलेले आहे. तळे भरलेले असते तेव्हा पातळी समुद्रसपाटीपासून ३,७०० फूट असते. २०२३ च्या वसंतात ती ३,५२० फुटांच्याही खाली उतरली होती. लाल कड्यांच्या पायथ्याशी दिसणारा उंच पांढरा पट्टा म्हणजे पूर्वी पाणी जिथवर होते तिथवर साचलेले क्षार. आपल्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच की जुन्या प्रवासवर्णनांत वाचलेला होड्यांचा धक्का आज पाण्यापासून दूर असू शकतो, जवळची जलवाट बंद असल्याने होडीला मोठा वळसा घ्यावा लागू शकतो, आणि बुलफ्रॉग व हॉल्स क्रॉसिंग या तळ्याच्या दोन काठांवरील ठिकाणांमधल्या फेरीबोटीवर विसंबून मार्ग आखणे धोक्याचे ठरते. आरक्षण करताना कोणता धक्का चालू आहे ते विचारावे आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा विचारावे.

मुक्काम वाहवीप कॅम्पग्राउंडला करावा. तिथे वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्यांच्या जागा आहेत. जवळच लोन रॉक नावाचा किनारा आहे, जिथे वाळूवर थेट पाण्याशी गाडी उभी करता येते. छायाचित्रे पाहून प्रत्येक गटातील एखाद्याला तिथे जायचेच असते. वरची वाळू टणक दिसते, पण पाच-सहा टनांची गाडी दहा फूट पुढे गेली की मागची चाके हबपर्यंत रुततात. शिवाय बहुतेक भाडेकरारांत कच्च्या रस्त्यावर आणि वाळूत गाडी नेण्यास बंदी असते, त्यामुळे ओढून काढण्याचा खर्च विम्यात बसत नाही. संध्याकाळी मिनीव्हॅन कठीण जमिनीवर लावून चालत पाण्यापर्यंत जावे, मुलांना पोहू द्यावे आणि परत यावे. एक दिवस पाँटून, म्हणजे सपाट आणि सहसा न कलंडणारी, होडी भाड्याने घ्यावी. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना होडीत लाइफ जॅकेट घालणे बंधनकारक आहे. आजी-आजोबांनाही घालायला लावावे, ते आधी नाही म्हणतात आणि नंतर त्याच जॅकेटात फोटो काढून घेतात. वारा दुपारनंतर वाढतो, म्हणून सकाळची वेळ घ्यावी.

अँटिलोप कॅनियन नवाहो या मूळ अमेरिकी जमातीच्या भूमीत आहे आणि तिथे त्यांच्या वाटाड्याशिवाय प्रवेश मिळत नाही. लोअर भागात उभ्या लोखंडी शिड्या आहेत, त्यामुळे ज्येष्ठांसाठी अपर भागाची चौकशी करावी. हॉर्सशू बेंडला जाऊन-येऊन सुमारे दीड मैल चालावे लागते आणि वाटेत झाडाची सावली नाही. सकाळी लवकर जावे. तिथले पार्किंग पेज गावाचे आहे, त्यामुळे राष्ट्रीय उद्यानांचा पास तिथे चालत नाही.

घड्याळाबाबत एक इशारा देणे आवश्यक आहे. युटा राज्य उन्हाळी वेळ पाळते, ॲरिझोना पाळत नाही, आणि ॲरिझोनातच असलेला नवाहो प्रदेश मात्र पाळतो. त्यामुळे ऑक्टोबरात कॅनाबला दहा वाजलेले असतात तेव्हा पेजला नऊ असतात, आणि पेजहून मॉन्युमेंट व्हॅलीला गेले की पुन्हा तास पुढे जातो. पेज सीमेवरच असल्याने मोबाइल कोणत्या मनोऱ्याला जोडला आहे त्यानुसार वेळ बदलत राहते. काही वर्षांपूर्वी आमचा चौदा-पंधरा जणांचा गट मॉन्युमेंट व्हॅलीच्या चारच्या जीपफेरीसाठी 'चारला दहा मिनिटे कमी असताना' पोहोचला, तेव्हा तिथे पाच वाजायला आले होते. दोष पूर्णपणे माझा होता. माझ्या मनगटावरचे घड्याळ पेजच्या वेळेवर होते आणि मोबाइल मी गाडीतच ठेवला होता. अँटिलोपच्या फेऱ्या नवाहो भूमीत असूनही पेजच्या वेळेनुसार सुटतात. गटातील एकाने हाताचे घड्याळ पेजच्या वेळेवर लावून ठेवावे आणि तेथील सर्व आरक्षणे त्याच घड्याळाने पाळावीत.

रस्त्यावर तीन गाड्या एकमेकींना चिकटून चालवू नयेत. मागच्यांना ओव्हरटेक करता येत नाही आणि पुढचा थांबला की सगळे दचकतात. पुढचे थांब्याचे ठिकाण नावानिशी ठरवावे, सर्वांत अनुभवी चालक शेवटच्या गाडीत ठेवावा, आणि प्रत्येक गाडीत एक वॉकीटॉकी ठेवावा, कारण मोठ्या टप्प्यांत मोबाइलला रेंज नसते. इंधन निम्म्यावर आले की भरावे. टाकी पावभागावर उतरली की अनेक आरव्हींचा जनरेटर आपोआप बंद पडतो. पेजच्या दक्षिणेला बिटर स्प्रिंग्जकडे उतरताना मोठा उतार आहे. तिथे ब्रेकवर पाय दाबून न ठेवता टो-हॉल बटण दाबून इंजिनालाच गाडी रोखू द्यावी. नवाहो प्रदेशात गुरे मोकळी चरतात, म्हणून अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे. त्या प्रदेशात दारू बाळगण्यासही मनाई आहे, हेही गटाला आधी सांगावे.

पुण्याहून आलेल्या आई-वडिलांसाठी खर्चात एक नवी भर पडली आहे. १ जानेवारी २०२६ पासून राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास अमेरिकेच्या रहिवाशांना ८० डॉलरला आणि बाहेरच्या पाहुण्यांना २५० डॉलरला मिळतो. पास नसेल तर झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅनियनसह ११ उद्यानांत सोळा किंवा त्याहून अधिक वर्षांच्या अनिवासी पाहुण्याला माणशी १०० डॉलर अधिक द्यावे लागतात. तीन उद्याने पाहायची असतील तर पासच परवडतो. रहिवासी असल्याचा पुरावा म्हणून आपापली सरकारी ओळखपत्रे जवळ ठेवावीत.

आरक्षणाचे काम मात्र आतापासूनच वाटून घ्यावे. वॉचमनच्या जागा सहा महिने आधी, पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार सकाळी दहाला खुल्या होतात, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यासाठी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, लास व्हेगासच्या वेळेने सकाळी सात वाजता. तिघांनी तीन संगणकांवर एकाच वेळी बसावे आणि कोणी कोणती जागा घ्यायची हे आदल्या रात्री नकाशावर ठरवून ठेवावे. शेजारच्या तीन जागा मिळाल्या नाहीत तर निदान एकाच लूपमधल्या, म्हणजे तळाच्या एकाच वळणावरच्या, घ्याव्यात. कुकर उचलून नेता येईल इतके अंतर असले की पुरे.